‘घराण्यातच आहे’ या सबबीविरुद्ध

घरात कुणाला किडनीचा आजार निघाला की वडीलधारी मंडळी आधी नातेवाईक आठवू लागतात. चुलत आजोबांना होता, आत्याही त्यातच गेली, म्हणजे रक्तातच आहे. आता कोण काय करणार? मग भावंडांच्या तपासण्या लांबणीवर पडतात आणि मुलीचे स्थळ मोडते. हा समज चुकीचा आहे आणि घातकही आहे.

पूर्वपक्षात तथ्य आहे तेवढे आधी मान्य करू. पॉलिसिस्टिक किडनी हा आजार खरोखर आनुवंशिक आहे. पीकेडी-१ किंवा पीकेडी-२ या जनुकातला दोष आईकडून किंवा वडिलांकडून प्रत्येक अपत्याला मिळण्याची शक्यता निम्मी असते. किडनीत पाण्याच्या गाठी वाढत जातात, आणि एरवी दीडशे ग्रॅमच्या आसपास असणारी किडनी किलोच्या पुढे जाऊ शकते. अशा घरात नात्यातल्या माणसाची किडनी घेण्यापूर्वी त्याचीही याच दृष्टीने तपासणी करावी लागते. पण डायलिसिसला येणाऱ्या बहुसंख्य रुग्णांचा आजार हा नसतो. त्या सगळ्यांना एकाच ‘रक्ता’त बसवायचे कशासाठी?

घराण्यात आढळते ते जनुकातलेच असते, असे मानणाऱ्यांनी बाल्कन देशांकडे पाहावे. डॅन्यूबच्या उपनद्यांकाठी, क्रोएशिया, सर्बिया, बोस्निया, बल्गेरिया आणि रोमानियातल्या ठरावीक खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या किडन्या आक्रसून माणसे मरत होती. एका घरात तीन-तीन रुग्ण, तर शेजारचे गाव ठणठणीत. आनुवंशिकतेचा याहून सबळ पुरावा कोणता, असे कुणालाही वाटावे. पण बाहेरून येऊन पंधरा-वीस वर्षे तिथे राहिलेल्यांनाही तोच आजार जडत होता, आणि लहानपणीच गाव सोडलेले त्यातून सुटत होते. गव्हाच्या शेतात ॲरिस्टोलोकिया नावाचे विषारी तण माजत असे. त्याचे बी कापणीत गव्हात मिसळे, दळले जाई, आणि रोजच्या पावात जाई. २००७ साली आर्थर ग्रोलमन आणि त्यांच्या क्रोएशियन सहकाऱ्यांनी रुग्णांच्या किडनीतल्या डीएनएला चिकटलेल्या त्या विषाच्या खुणा दाखवल्या. त्या घरांत सामाईक होता तो पाव. आपल्याकडची ईश्वरी ही वनस्पतीही याच कुळातली, आणि तिच्यातही ते विष आहे. लेबल नसलेल्या चूर्णाच्या पुड्या विश्वासाने घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता आमचा पक्ष. किडनीतली रक्त गाळणारी सूक्ष्म यंत्रणा म्हणजे नेफ्रॉन. एका किडनीत ते कुणाकडे दोन लाखांच्या आसपास, तर कुणाकडे वीस लाखांहून अधिक असतात. यात जनुकांचा वाटा आहेच. पण बहुतेक नेफ्रॉन गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बनतात आणि छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास ही घडण थांबते. पुढे जन्मभर नवा एकही बनत नाही. म्हणजे त्या काळात आईच्या ताटात काय होते, तिला आजार कोणते होते आणि बाळ वेळेआधी जन्मले का, याचा हिशेब किडनीच्या रचनेतच मांडला जातो. नेफ्रॉन कमी असले की प्रत्येकावर ताण वाढतो, रक्तदाब चढतो, आणि त्यात आहेत तेही निकामी होतात, असे किडनीतज्ज्ञ ब्रेनर यांनी १९८८ मध्ये मांडले. २००३ साली जर्मनीत अपघातात दगावलेल्यांच्या किडन्या तपासल्या, तेव्हा रक्तदाब असलेल्यांत नेफ्रॉनचा आकडा सुमारे सात लाख निघाला, तर तो नसलेल्यांत चौदा लाख. पाहणी लहान होती, तरी दुपटीचा फरक सहज झटकून टाकण्यासारखा नाही.

हे आपल्या दारातले आहे. कमी वजनाच्या बाळात नेफ्रॉनही सहसा कमी असतात. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. अर्धपोटी वाढलेल्या आईच्या पोटी कमी वजनाची मुलगी जन्मते, तीही तशीच वाढते, आणि तिचे मूलही कमी वजनाचे निघते. तीन पिढ्यांत आजार दिसला की आपण त्याला आनुवंशिक म्हणतो आणि स्वयंपाकघरातल्या वाढपाकडे पाहत नाही. घरातल्या गर्भवतीला सर्वांत शेवटी आणि उरलेले वाढणारे घर आपल्या नातवंडांच्या किडन्यांवर घाला घालते.

म्हणून मुलांचे जन्मवजन लिहून जपा. ते अडीच किलोपेक्षा कमी असेल, किंवा घरात किडनीचा रुग्ण असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तदाब, लघवीतले अल्ब्युमिन आणि रक्तातले क्रिएटिनिन नियमित तपासून घ्या, आणि वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने गिळू नका.