फावल्या वेळचा उद्योग : लोट्याची प्रतिमा

रायपूरच्या गोल बाजारात भांड्यांच्या दुकानांवरून जाण्याचा प्रसंग आला, तर पितळेच्या लोट्यापाशी क्षणभर थांबावे. जी वस्तू रोज हाताळतो, तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. लोटा गळू लागला की तो मोडीत जातो. त्याच्या वजनाचे पैसे मिळतात. त्याच्या आकाराचे मोल कोणी करीत नाही.

चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल सादर केला. त्यात त्यांनी नित्याच्या वस्तूंमधून लोट्याची विशेष वाखाणणी केली आहे. किती पाणी मावावे, हातात कसा बसावा, तोल कसा राहावा, ओतणे व घासणे सोपे कसे व्हावे, या साऱ्यांचा विचार त्या आकारात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे, आणि त्याचा कर्ता कोणी एक मनुष्य नाही, असे त्यांचे म्हणणे. अहमदाबादेस १९६१ साली निघालेल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचे मूळ याच अहवालात आहे.

हा आकार मुलांच्या हाती उतरावा, यासाठी एक सोपा उद्योग सुचवितो. त्यास एक लोटा, कागदी चिकटपट्टी आणि बोथट टोकाची कात्री एवढेच साहित्य पुरे. ही पट्टी मोटारी रंगविणाऱ्यांची अडचण पाहून रिचर्ड ड्रू याने १९२५ साली अमेरिकेत तयार केली.

प्रथम पट्टीचा चिकट भाग बाहेर ठेवून लोटा मढवावा. म्हणजे ती भांड्यास चिकटत नाही. मग चिकट भाग आत करून तीन-चार थर द्यावेत. पोटाच्या गोलाईवर व गळ्याशी पट्टीचे बोटभर लांबीचे तुकडेच लावावेत. लांब पट्टीस तेथे चुण्या पडतात. लोट्याचा गळा अरुंद, म्हणून कवच सरळ निघणार नाही. मोठ्या माणसाने ते दोन बाजूंनी वरपासून तळापर्यंत कापावे, दोन्ही अर्ध सोडवून घ्यावेत आणि सांध्यावर पट्टी लावून पुन्हा जोडावेत. कागदी पट्टीवर रंगही चढतो.

छत्तीसगडास ही युक्ती सर्वस्वी नवी नाही. बस्तरमध्ये कोंडागावचे घडवे कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाचे दोरे गुंडाळून मूर्ती घडवितात. वर पुन्हा मातीचा लेप देऊन साचा भाजतात. मेण वितळून जाते व त्याची जागा ओतलेला धातू घेतो. साचा फोडावा लागत असल्याने प्रत्येक मूर्ती एकुलती एक असते. जयदेव बघेल यांच्या हातून ही कला दूरदूरच्या रसिकांपर्यंत पोचली. दोरा असो वा पट्टी, वळण घेताना बोटांना आकार कळतो, तो नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

मुलांना एकच प्रश्न विचारावा : पोट इतके फुगीर आणि गळा इतका आवळलेला का? उत्तर लगेच सांगू नये. पट्टी लावता लावता त्यांची बोटे गळ्याशी आपोआप विसावतील, तेव्हा ते त्यांना सापडेल.

घरातील जुना लोटा मोडीत देणे भागच असेल, तर त्यापूर्वी हा उद्योग अवश्य करून पाहावा. पितळ परत मिळते. आजीच्या हाताला बसलेला घाट एकदा वितळला की परत येत नाही.