वान-शहानूरचं पाणी पिणाऱ्यांनो, डोंगराकडे बघा

खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, हे अकोट-तेल्हाऱ्याकडच्या माणसाला सांगायला नको. तिथल्या 84 खेडी योजनेला गोड पाणी वान धरणातून येतं. अंजनगाव सुर्जी आणि दर्यापूरकडच्या गावांना शहानूरचा आधार आहे. या दोन्ही नद्या गाविलगडाच्या डोंगरांतून उतरतात. म्हणजे याच डोंगरांतलं मेळघाटचं जंगल राखणं हे वाघवाल्या हौशी मंडळींचं काम आहे, असं समजून वऱ्हाडाला हात झटकता येणार नाहीत.

सातपुड्याची ही रांग उंचीनं फार मोठी नाही. सर्वांत उंच वैराट 1178 मीटर. दक्षिणेला ती कड्यांनी थेट पयनघाटाच्या मैदानात कोसळते. उत्तरेला मात्र सागाच्या जंगलातून सावकाश उतरत धारणीकडे तापीला मिळते. सिपना, गडगा, खंडू, खापरा या नद्यांचा कल तिकडेच. हिवाळ्यात सेमाडोह-कोलकासला सिपनेचं पात्र बघावं. वरचं रान पावसाळ्यात पाणी मुरवतं, म्हणून खाली ओल टिकते. रान उघडं पडलं की तेच पाणी माती घेऊन दोन दिवसांत निघून जातं.

या डोंगरांचा इतिहास आपल्याला किल्ल्यांपुरता माहीत असतो. 29 नोव्हेंबर 1803 ला अडगावची लढाई झाली. पाठोपाठ 15 डिसेंबरला आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेनं गाविलगड घेतला. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला. अकोटच्या वर नरनाळा आहे, त्याचा महाकाली दरवाजा बघायला माणसं लांबून येतात. पण अलीकडचा इतिहास अधिक जवळचा आहे. 1974 मध्ये मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आला आणि पुढे गाभ्यातली गावं उठू लागली. वैराटचं गावही उठलं. वाघासाठी, आणि पर्यायानं आपल्या नळासाठी, किंमत मोजली ती तिथल्या कोरकू आदिवासींनी. खालच्या शहरांनी त्यांचे साधे आभारही मानलेले नाहीत.

रेल्वेचंही तसंच. अकोला-खंडवा मीटरगेजवर धूळघाटला रूळ वळसा घेऊन स्वतःलाच ओलांडत. ती गाडी 2017 पासून बंद आहे. ब्रॉडगेज व्याघ्र प्रकल्पातून न नेता बाहेरून न्यावी, ही मागणी रास्तच होती. वेगवान गाड्या आणि वाघांचं रान एकत्र नांदत नाही. पण धारणी तालुक्याच्या हातून गाडी गेली, हेही खरं. जंगल वाचलं म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी धारणीला चांगली एसटी आणि धड दवाखाना मिळावा म्हणूनही आवाज उठवायला हवा. नाहीतर आपलं निसर्गप्रेम दुसऱ्याच्या खिशातून चाललंय, असंच तिथली माणसं म्हणतील.

श्रावणातल्या रविवारी चिखलदऱ्याला गाड्यांची रांग लागते. पॉइंटावर कणसं, मॅगी आणि गाडीतलं मोठ्या आवाजातलं गाणं. दरीच्या काठावर प्लास्टिकचे ग्लास. आता तर 407 मीटरचा काचेचा पूल आणि त्याची चर्चा! हौसेला माझा विरोध नाही, लोकांनी डोंगरात यावंच. पण दरी बघायला पायाखाली काच कशाला हवी, हे मला अजून उमगलेलं नाही. शहानूर गावातून स्थानिक वाटाड्या घेऊन नरनाळा फिरा. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभाग मचाणावर बसवतो, तिथं नाव नोंदवा. गप्प बसून काढलेली ती एक रात्र जंगलाची जाण देते. रानपिंगळ्याचा आवाज ओळखायला शिका. शंभरेक वर्षं नाहीसा झाला असं मानलेला हा पक्षी 1997 मध्ये सातपुड्यातच पुन्हा सापडला.

खरी भीती उन्हाळ्यात असते. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, कुणी विडी टाकून जातो, आणि वणवा डोंगर चढतो. वनरक्षक मोजके, डोंगर मोठा. गावाचा हात लागल्याशिवाय वणवा विझत नाही. गाव उभं राहिलं तर काय होतं, ते परतवाड्याजवळच्या पायविहीरनं दाखवलंय. 2012 मध्ये या गावाला 192 हेक्टर उजाड जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. लोकांनी चराई आवरली, पाणी अडवलं, झाडं लावली. आज तिथली सीताफळं शहरात विकायला जातात.

तेव्हा धारणी-चिखलदऱ्याच्या ग्रामसभांनो, होळीच्या आधी जाळरेषा काढायला घ्या आणि मोहाखाली पेटवण्याऐवजी झाडून घ्यायचा ठराव करा. अकोला-अमरावतीच्या कॉलेजांनी सहलीच्या बस भरतात तशी जाळरेषा काढायच्या दिवशीही मुलं मदतीला पाठवावीत. वान-शहानूरचं पाणी पिणाऱ्या प्रत्येक ग्रामपंचायतीनं आणि नगरपालिकेनं पाणीपट्टीतला थोडा वाटा डोंगरातल्या वणवारक्षकांच्या मजुरीसाठी ठेवावा. तसा ठराव घ्यायला कुणाच्या परवानगीची वाट बघू नका. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो घाला, आणि मार्चच्या आत.