बेटाला आपलं काय काम?

अंदमानला राहायला यायचंय, असं सांगणाऱ्या तरुण जोडप्यांचे फोन मला अधूनमधून येतात. बहुतेक पुण्या-ठाण्याकडची, तिशीतली, पदरात एक-दोन लहान मुलं असलेली. कधीतरी सहलीला येऊन गेलेली असतात. राधानगरचा किनारा आणि वाळूत माखलेली मुलं त्यांच्या मनातून जात नाहीत, आणि तिकडे हिंजवडीच्या किंवा घोडबंदरच्या रस्त्यावर रोजचे दोन तास जातच असतात. नोकरी सोडायची त्यांची तयारी असते. विचारतात एवढंच, ‘‘ताई, हातात काम नसताना आलो, तर साठवलेल्या पैशांवर किती दिवस निघतील?’’

मी हिशेब मांडून देते. लहान मुलं घेऊन येणाऱ्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण बोलता बोलता मी त्यांना दुसऱ्या एका प्रश्नाकडे वळवते, कारण इथे टिकणं न टिकणं त्यावरच ठरतं असं मला आता पक्कं वाटतं. तुम्हाला बेट हवंय, हे समजलं. बेटाला तुमचं काय काम आहे?

आम्ही २०१७ साली पोर्ट ब्लेअरला आलो. शहराचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, पण तोंडात अजून जुनंच येतं. मुलगा सहा वर्षांचा होता, मुलगी दोन. नवरा भिवंडीजवळच्या एका शीतगृहाची मशिनरी सांभाळायचा, मी शाळेत गणित शिकवायचे. दोघांनी राजीनामे दिले, वर्षभराचा खर्च बाजूला ठेवला आणि निघालो. सासूबाईंनी काळ्या पाण्याचं नाव काढलं. मराठी घरात अंदमान म्हटलं की सावरकर आणि सेल्युलर जेल याच्या पुढे फारसं कुणी जात नाही. इथे माणसं संसार करतात, मुलांचे दात पडतात, गॅसचे सिलिंडर संपतात, हे डोळ्यांपुढे येतच नाही.

बेटावर स्वस्तात राहता येतं, ही समजूत मात्र पहिल्या महिन्याच्या वाणसामानालाच जाते. समुद्रमार्गे चेन्नई इथून बाराशे किलोमीटरच्या आसपास, कोलकाता त्याहून थोडं लांब. जहाजाला तीनेक दिवस लागतात. कांदे-बटाटे, डाळी, सिमेंट, औषधं, शाळेच्या वह्या, बहुतेक सगळं त्याच वाटेने येतं. जहाज लांबलं की ॲबर्डीन बाजारात कांदा चढतो. मासळी, नारळ, केळी इथली, आणि थोडीफार पालेभाजीही. ताजं दूध महाग, म्हणून चहा दुधाच्या पावडरीचा. वीज मुख्यतः डिझेलच्या जनरेटरवर. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात, तरी उन्हाळ्यात नळाला काही दिवसांआड पाणी, कारण शहराची मुख्य भिस्त धनीखारीच्या धरणावर आहे. हे मी कोकणातल्या माणसाला सांगते तेव्हा तो लगेच मान हलवतो. जुलैत घरात ओल आणि मेमध्ये टँकर, हे त्याला नवीन नाही.

कामाचं म्हणाल तर इथला सगळ्यात मोठा मालक सरकार. सरकारी नोकरीला स्थानिक असल्याचा दाखला लागतो आणि तो लागावा असंच माझं मत आहे. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्यांच्या मुलांना दुसरं काय आहे? राहिलं पर्यटन. त्याचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मेपर्यंत. पुढे पाऊस लागतो, समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात आणि हॉटेलवाले माणसं कमी करतात. मेनलँडहून, म्हणजे आपल्या मुख्य भूमीवरून, येणारी बहुतेक तरुण मंडळी याच हंगामावर डोळा ठेवून येतात. कुणाला कॅफे काढायचा असतो, कुणाला होमस्टे, कुणाला स्कूबा शिकवायचं असतं. त्यातली जी खरंच पाण्यातली माणसं आहेत ती टिकतात. बाकीच्यांचं भांडवल पहिल्या पावसाळ्यात संपतं.

आमचा संसार उभा राहिला तो गंजावर. इथल्या खाऱ्या हवेत एसीची बाहेरची कॉइल बघता बघता सडते. वीज वरखाली झाली की कॉम्प्रेसर जातो, पीसीबी जळतो. पार्ट चेन्नईहून मागवायचा, तो येईपर्यंत हॉटेलची खोली बंद आणि डीप फ्रीझरमधली मासळी वाया. नवरा पहिले काही आठवडे नुसता हिंडला. जंगलीघाटला मासळी उतरते तिथे पहाटे जाऊन उभा राहायचा, बर्फाच्या कारखान्यात बसायचा आणि एकच विचारायचा : ‘‘काय बंद पडलंय?’’ जुने कॉम्प्रेसर उघडून, दोन बिघडलेल्यांतून एक चालता करून त्याने ओळखी मिळवल्या. २०२०च्या मार्चमध्ये विमानं थांबली, हॉटेलं ओस पडली, तेव्हा एसीचं काम एका दिवसात गेलं. मासेमारांना बर्फ मात्र लागतच होता. त्या वर्षी आमच्या घरात चूल पेटली ती बर्फावर.

माझ्या शिकवण्यांचंही तसंच झालं. नोकरी मिळाली नाही, पण आमच्या गाराचरमाच्या गल्लीत दहावीच्या गणिताला घाबरणारी मुलं भरपूर होती. बंगाली, तमिळ, तेलुगू, रांचीवाले, मोपला, सगळ्यांची मुलं एकाच सतरंजीवर आणि सगळ्यांची बोली हिंदी. इथली हिंदी मला फार आवडते. कुणाचीच पूर्ण मातृभाषा नसल्यामुळे ती कुणाला हसत नाही.

मुलांच्या बाबतीत मी फोनवरच्या आयांना काहीही मऊ करून सांगत नाही. मोठं सरकारी रुग्णालय म्हणजे जी. बी. पंत, तेही सेल्युलर जेलच्या आवारात. जेलच्या सात शाखांपैकी तीनच उरल्यात आणि मोकळ्या झालेल्या जागेवर १९६३ मध्ये हे रुग्णालय आलं. डॉक्टर मंडळी जीव तोडून काम करतात, पण गुंतागुंतीचा आजार असेल तर चेन्नई गाठावं लागतं. ज्या मुलाला नियमित तज्ज्ञाची गरज आहे, त्याच्या आईला मी स्पष्ट सांगते की येऊ नका. बाकी मुलं सवयीची होतात. बूट घालण्याआधी झटकायचे, कारण आत कानखजुरा असू शकतो आणि इथला कानखजुरा वीतभर असतो. चावला तर मोठा माणूसही रात्रभर कळवळतो. खारफुटीकडे आणि खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरायचं नाही, मगरींच्या सूचनेचे फलक शोभेला लावलेले नाहीत. घड्याळ दिल्लीचं आणि सूर्य आपला, त्यामुळे डिसेंबरमध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. खेळ, अभ्यास, जेवण सगळं लवकर. माझी मुलगी सुट्टीत पुण्याला गेली की रात्री नऊला जेवायला बसणारी माणसं पाहून चकित होते.

मराठीची काळजी मला सगळ्यात जास्त होती. २०२०च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राखालून सुमारे २३०० किलोमीटरची ऑप्टिकल फायबर केबल आली, त्याआधी इथलं इंटरनेट उपग्रहावर चालायचं आणि एक साधा फोटो पाठवायलाही धीर लागायचा. केबल आली आणि मुलांना बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंक पडद्यावर वाचता आले. वर्क फ्रॉम होमवाल्यांना आता बेट सोपं झालंय, हेही खरं. पण लॅपटॉपवर मेनलँडचं काम करणारा माणूस बेटावर असूनही बेटाच्या बाहेर राहू शकतो, आणि लहान मुलांना तसं ठेवणं मला बरोबर वाटत नाही. मुलांना आपले आईवडील या गावात कुणाच्या उपयोगी पडतात, हे दिसावं लागतं.

तसं बघितलं तर नोकरी नसताना कुटुंब घेऊन येणं ही या बेटांवरची जुनी रीत आहे. कैद्यांच्या वसाहतीपासून सुरुवात झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढे जंगलकामासाठी छोटा नागपूरचे मजूर आले, १९२१ च्या उठावानंतर मलबारचे मोपला आले, १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून कारेन कुटुंबं मायाबंदरकडे आली. फाळणीनंतर १९४९ पासून पूर्व बंगालच्या निर्वासितांची जहाजं येऊ लागली. कुटुंबामागे पाच एकर भाताची जमीन आणि पाच एकर डोंगरउतार देण्याची योजना होती. जमीन म्हणजे उभं जंगल, ते तोडायचं त्यांनीच. आज पोर्ट ब्लेअरच्या बाजारात दिसणारी कितीतरी भाजी त्यांच्या नातवंडांच्या शेतातली आहे.

आणि यात आपली माणसंही आहेत, हे महाराष्ट्रात फार थोड्यांना माहीत आहे. १९६९ पासून पुढच्या दहाएक वर्षांत सरकारने पार दक्षिणेला, ग्रेट निकोबारवर, निवृत्त सैनिकांची सव्वातीनशेच्या आसपास कुटुंबं वसवली. पंजाब, केरळ, तमिळनाडू, आंध्र आणि महाराष्ट्र. त्यातल्या एका घरातल्या आजी मला पोर्ट ब्लेअरला भेटल्या, नातीच्या शाळेच्या कामाला आलेल्या. माहेर साताऱ्याकडचं. कडेवर पोरगं घेऊन जहाजातून उतरल्या तेव्हा त्या माझ्यापेक्षा लहान होत्या. मी विचारलं, ‘‘आजी, भीती नाही वाटली?’’ म्हणाल्या, ‘‘भ्यायला सवड कुठं होती गं? पाऊस थांबायचं नाव घेईना. पंजाबीण शेजारीण रोट्या द्यायची, मी तिला भाकरी शिकवली. नारळ लावले, सुपारी लावली. ती फळाला येईस्तोवर पोरगं शाळेत गेलं.’’ २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत त्यांचं घर आणि किनाऱ्याकडची बाग गेली. ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, त्या भूकंपात चार मीटरहून अधिक खचलं. पुढे पत्र्याच्या निवाऱ्यात दिवस काढून त्यांनी पुन्हा रोपं लावली. साताऱ्याला परत का नाही गेलात, हे विचारायची मला लाज वाटली. त्यांच्या लेखी आता तेच गाव होतं.

आमच्याकडेही तो दिवस जमिनीत दिसतो. शहराबाहेर सिप्पीघाटला रस्त्याच्या दोन्ही अंगांना खारं पाणी साचलेलं आहे. ती भाताची शेतं होती. जमीन मीटरभर खाली गेली आणि समुद्र आत आला तो परत गेलाच नाही. फोनवर कुणी ‘समुद्राला लागून घर मिळेल का’ असं विचारलं, की मी त्यांना आधी सिप्पीघाटला न्यायचं कबूल करते.

जागा विकत घेण्याबद्दलही विचारतात. बेटांचा ८० टक्क्यांहून अधिक भाग जंगल आहे, आणि ते जंगल रिकामं नव्हतं. १८५८ मध्ये इंग्रजांनी वसाहत केली तेव्हा काही हजार असलेले ग्रेट अंदमानी आता पन्नाशीच्या आसपास उरलेत. जारवांच्या राखीव जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर आजही गाड्या ताफ्याने, पहाऱ्यात सोडाव्या लागतात. आपल्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाचं ओझं या भूमीवर पडतं, आपलंही पडलं आहे. म्हणून जे बेटावर कुणाला येत नाही किंवा पुरत नाही असं काम ज्याच्या हातात असेल, त्यानेच यावं असं मी म्हणते. नर्स, इलेक्ट्रिशियन, बोटीच्या इंजिनाचा मेकॅनिक, बोलायला अडखळणाऱ्या मुलांना शिकवणारी थेरपिस्ट यांनी बिनधास्त यावं, नोकरी नसली तरी काम त्यांना शोधत येईल.

परवा कोल्हापूरच्या एका जोडप्याशी बोलणं झालं. ती फिजिओथेरपिस्ट, तो डेअरीत, मुलगा चार वर्षांचा. मी त्यांना डिसेंबरमध्ये येऊ नका म्हटलं. जूनच्या शेवटी या, बोटी रद्द होत असतील तेव्हा. हॉटेलात उतरू नका, गाराचरमा किंवा बाथू बस्तीत महिन्याच्या भाड्याने खोली घ्या. मुलाच्या लसींची फाइल घेऊन एकदा जी. बी. पंतच्या ओपीडीत रांगेत बसा, तिथे शेजारच्या बायका जे सांगतील ते मी फोनवर सांगू शकत नाही. आणि घर बघताना समुद्र कुठल्या खिडकीतून दिसतो हे नंतर बघा; आधी गच्चीवर चढून टाकी किती लिटरची आहे ते बघा, आणि घरमालकाला विचारा की एप्रिलमध्ये नळाला पाणी कितव्या दिवशी येतं.