विश्लेषण : थंडीत इलेक्ट्रिक ब्लँकेट वापरणे कितपत सुरक्षित? ते रात्रभर चालू ठेवावे का?

हिवाळ्यात काश्मीर किंवा हिमाचलला जाणाऱ्या मराठी पर्यटकांना हॉटेलातल्या गादीवर, चादरीखाली, वायर जोडलेले एक पातळ पांघरूण दिसते. ते इलेक्ट्रिक ब्लँकेट. परत आल्यावर अनेक जण घरच्या वडीलधाऱ्यांसाठी तसेच ब्लँकेट ऑनलाइन मागवतात. ऊब चांगली मिळते, वीजही कमी लागते. पण अंगाला लागून रात्रभर चालू राहणारे घरात दुसरे विजेचे उपकरण क्वचितच असते. म्हणून ते वापरण्याचे नियमही वेगळे आहेत.

ते काम कसे करते?

कापडाच्या दोन थरांमध्ये उष्णता देणारी बारीक तार नागमोडी फिरवलेली असते. तारेतून वीज गेली की ती तापते. बहुतेक ब्लँकेट अंगावर घेण्यासाठी नसतात. गादीवर पसरून त्यावर चादर घालायची आणि चादरीवर झोपायचे, अशी त्यांची रचना असते. साधारण १०० वॉटचे ब्लँकेट आठ तास पूर्ण क्षमतेने चालले तरी एक युनिटही लागत नाही. २,००० वॉटचा रूम हीटर तेवढाच वेळ सतत चालला तर १६ युनिट लागतात. हीटर सगळी खोली तापवतो, ब्लँकेट फक्त अंथरूण.

शेगडीपेक्षा ते सुरक्षित आहे का?

एका बाबतीत नक्कीच. काश्मीरमध्ये ऊब मिळवण्याचे परंपरागत साधन म्हणजे कांगडी, विणलेल्या टोपलीत बसवलेले निखाऱ्यांचे मातीचे भांडे. कोळसा असो वा गॅस, बंद खोलीत काही जाळले की कार्बन मोनॉक्साइड साचण्याची भीती असते. या वायूला ना रंग ना वास, त्यामुळे झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे हॉटेलच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक दगावले. इलेक्ट्रिक ब्लँकेटमध्ये काहीच जळत नसल्याने हा धोका नाही. त्याचे धोके दोन, आग आणि भाजणे.

आग कशामुळे लागते?

तार जेवढी उष्णता देते तेवढी बाहेर निघून जात राहिली तर तापमान आटोक्यात राहते. ब्लँकेट दुमडले, त्यावर उशा आणि रजयांचा ढीग पडला किंवा ते गादीच्या कडेला चुरगळले की उष्णता एका जागी कोंडते. पुनःपुन्हा एकाच घडीवर दुमडल्याने तार आतून तुटते आणि तुटलेल्या टोकांपाशी ठिणगी उडू शकते. चांगल्या ब्लँकेटमध्ये जास्त तापल्यास वीज बंद करणारी सोय असते, मात्र जुन्या किंवा हलक्या प्रतीच्या मालात तिचा भरवसा धरता येत नाही.

घरात एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहणेही चूक. १०० वॉटचे ब्लँकेट अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी वीज खेचते. त्याचा एखादा कोपरा करपू लागला तरी एकूण प्रवाह फारसा वाढत नाही, त्यामुळे सहा किंवा सोळा अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी आणखी एक धोका असतो. वीज गेल्यावर बटण चालूच राहते, माणूस उठून बाहेर जातो, अंथरुणावर रजया तशाच पडलेल्या असतात आणि मागाहून वीज परत येते. वीज गेली की आधी बटण बंद करावे, ते यासाठी.

आग न लागताही भाजू शकते का?

होय, आणि घरातल्या वृद्धांच्या दृष्टीने हाच मुद्दा महत्त्वाचा. त्वचा सुमारे ४४ अंश सेल्सिअसला सहा तास राहिली तर भाजते, असे मोरित्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी १९४७ मध्येच दाखवून दिले होते. ४४ अंशांचा स्पर्श चटका बसण्याइतका नसतो, उबदारच वाटतो. धडधाकट माणसाला झोपेतही गरम लागले की तो कूस बदलतो. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला ते जाणवतच नाही. सकाळी पायावर फोड दिसतो आणि मधुमेहात तीच जखम चिघळत जाते. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. म्हणजे ‘आई-बाबांचे पाय गार पडतात’ म्हणून ज्यांच्यासाठी ब्लँकेट आणले जाते, त्यांच्यातल्याच अनेकांना ते जपून वापरायला हवे.

कोणी वापरू नये?

आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकांनुसार तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आणि उष्णतेची जाणीव नसलेल्या व्यक्तींसाठी ते वापरू नये. स्वतः बटण बंद करू न शकणारे रुग्ण, झोपेची गोळी किंवा मद्य घेतलेली व्यक्ती यांनाही ते देऊ नये. पेसमेकर बसवलेल्यांनी आणि गर्भवतींनी आधी डॉक्टरांना विचारावे.

मग वापरायचे कसे?

झोपण्याच्या अर्धा तास आधी लावावे आणि अंथरुणात शिरताना बंद करावे, ही सर्वांत सुरक्षित पद्धत. तापलेले अंथरूण आणि वर रजई असली की ऊब बराच वेळ टिकते. रात्रभर वापरण्यासाठी बनवलेले आहे, असे सूचनापत्रकात स्पष्ट लिहिले असेल तरच ते सर्वांत कमी तापमानावर चालू ठेवावे.

ब्लँकेट सपाट पसरावे आणि त्याच्या नाड्या गादीला बांधाव्यात. सेफ्टी पिन टोचू नये. सोबत गरम पाण्याची पिशवी घेऊ नये, कारण ती गळली तर पाणी आणि वीज एकत्र येतात. ओले झालेले ब्लँकेट ‘वाळले’ म्हणून लगेच लावू नये, जाणकाराकडून तपासून घ्यावे. हंगाम संपला की ते गार झाल्यावर सैल गुंडाळून ठेवावे, वर जड सामान रचू नये.

खरेदी करताना आयएसआय चिन्ह पाहावे. त्यासोबतचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. दर हिवाळ्यात पहिल्यांदा लावण्याआधी ब्लँकेट उजेडात धरून करपल्याचे डाग, वर आलेली तार, सैल झालेला प्लग शोधावा. यातले काहीही दिसले तर घरच्या घरी टाके घालत बसू नये, ते बाद करावे. दहा वर्षे झाली की वरून धड दिसणारे ब्लँकेटही बदलावे, असा सल्ला ब्रिटनमधील सुरक्षा संस्था देतात.

हॉटेलातले ब्लँकेट किती जुने आहे, हे पाहुण्याला कळण्याचा मार्ग नसतो. तिथे चादर उचलून एकदा नजर टाकावी, अंथरूण तापवून घ्यावे आणि झोपण्यापूर्वी प्लग काढावा.