सरासरीला खड्डे दिसत नाहीत

मागच्या शनिवारी रोह्याला आत्याकडे गेलो होतो. जेवणं झाली आणि आतेभाऊ हळूच बाजूला येऊन बसला. "दादा, तू कॉम्प्युटरवाला ना? मग हा फोन जरा बघ ना."

फोन नवाकोरा. तीन हप्ते भरून झालेत, नऊ बाकी आहेत. पठ्ठ्या धाटावच्या एमआयडीसीत अप्रेंटिस आहे, हप्ते स्टायपेंडमधून जातात. खोक्यावर मोठ्या अक्षरात '१२० हर्ट्झ' असं छापलंय. बीजीएमआय यात लोण्यासारखा चालेल, असं दुकानदाराने सांगितलं होतं. प्रत्यक्षात समोर शत्रू आला, गोळी झाडायची वेळ आली की चित्र क्षणभर थिजायचं. पुन्हा हलायला लागेपर्यंत हा मेलेला!

फोन परत दुकानात नेला, तर दुकानदाराने स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा दाखवला. "हे बघ, साठ एफपीएस. फोन एकदम ओके. तुझं नेट खराब असेल." सिमवाल्याकडे गेला तर तो म्हणाला रेंज फुल्ल आहे, फोन दाखवून घे. घरी काकांनी तिसरंच निदान केलं, "तो गेमच बंद कर." झालं. तिघांनी हात झटकले, हप्ते मात्र चालू.

मला राग आला तो त्या कोपऱ्यातल्या आकड्याचा. कारण तो आकडा खरा होता, आणि तरीही आतेभावाची तक्रारही खरी होती. हे गौडबंगाल काय आहे, ते आज जरा विस्ताराने लिहितो.

एफपीएस म्हणजे एका सेकंदात किती चित्रं पडद्यावर आली. ६० एफपीएस म्हटलं की आपण समजतो दर १६.७ मिलिसेकंदांनी एक चित्र, घड्याळाच्या टिकटिकीसारखं. पण मोजणारा बिचारा सेकंद संपल्यावर फक्त डोकी मोजतो. आता असं समजा, की त्या सेकंदात ५९ चित्रं प्रत्येकी १० मिलिसेकंदांत आली आणि साठावं चित्र यायला ४१० मिलिसेकंद लागले. करा बेरीज. ५९० अधिक ४१०, बरोबर एक सेकंद. चित्रं साठ, कोपऱ्यात आकडा ६०. आणि तुम्ही जवळजवळ अर्धा सेकंद गोठलेल्या चित्राकडे बघत बसलात. त्या अर्ध्या सेकंदात समोरचा तुम्हाला मारून, तुमचं सामान उचलून निघूनसुद्धा जातो. :)

ज्यांना मिलिसेकंदांचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी आमच्या भागातलं उदाहरण देतो. पेणहून रोह्याला गाडीने जायचं तर वडखळ, नागोठणे, मग भिसे खिंड. त्यातला मोठा तुकडा मुंबई-गोवा महामार्गाचा. पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, आणि दशक उलटून गेलं तरी लोक तिथे खड्डेच मोजत होते. आता एखाद्या इंजिनिअरने रस्त्याची सरासरी पातळी मोजली आणि म्हणाला, रस्ता सपाट आहे, तर तुम्ही काय म्हणाल? खड्डा भरून येईल एवढी खडी शेजारीच ढिगाने पडलेली असते, सरासरी अगदी शून्य! पण माणूस सरासरीवरून गाडी चालवत नाही. त्याचं चाक एकाच खड्ड्यात जातं आणि कंबर तिथेच मोडते.

बरं, ही काही मी लावलेली अक्कल नव्हे. स्कॉट वॉसन नावाच्या माणसाने 'टेक रिपोर्ट'वर २०११ च्या सप्टेंबरमध्ये हेच सविस्तर मांडलं होतं. सेकंदात किती चित्रं आली हे सोडा, प्रत्येक चित्राला किती वेळ लागला ते बघा. याला म्हणतात फ्रेम टाइम. त्यानंतर पीसीवाल्यांच्या जगात पद्धतच बदलली. आज तिथे कोणी ग्राफिक्स कार्डाचं परीक्षण लिहिताना नुसती सरासरी दिली तर वाचक त्याची सालटी काढतात. 'एक टक्का लो' लागतोच, म्हणजे सगळ्यात हळू आलेल्या एक टक्का चित्रांचा हिशोब. प्रेझेंटमॉन, कॅपफ्रेमएक्स ही साधनं फुकट मिळतात. (हा एक टक्कासुद्धा दोन-तीन प्रकारे काढतात, त्यामुळे तो कसा काढला हेही विचारावं.)

एक टक्का म्हणजे किरकोळ वाटतो ना? ६० च्या गतीने अर्ध्या तासात १,०८,००० चित्रं होतात. त्यातला एक टक्का म्हणजे १,०८०. आणि हा टक्का गेमभर सारखा पसरलेला नसतो. मोकळ्या माळावर एकटे धावत असता तेव्हा फोनला काम कमी असतं. चार-सहा खेळाडू एकत्र भिडतात, धूर होतो, स्फोट होतो, तेव्हा सगळा भार एकदम येतो. म्हणजे ज्या दोन मिनिटांसाठी तुम्ही पंचवीस मिनिटं खेळता, नेमका तिथेच तो टक्का गोळा होतो. सरासरी मात्र माळावर धावण्याची निघते!

आता खोक्यावरच्या '१२० हर्ट्झ'कडे वळू. हा आकडा पडद्याचा आहे. पडदा सेकंदाला १२० वेळा नवं चित्र दाखवू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. गेम तेवढी चित्रं तयार करणार का, ते आत बसलेली चिप ठरवते, आणि त्या फोनवर तो पर्याय उघडायचा की नाही, ते गेम बनवणारे ठरवतात. आतेभावाच्या फोनवर बीजीएमआयच्या सेटिंगमध्ये 'एक्स्ट्रीम'च्या पुढे काही उघडतच नाही, म्हणजे कमाल ६०. मोठ्या ताटात वाढलं म्हणून आमटी वाढत नाही. पण दुकानात १२० कडे बोट दाखवून विकायला कोणाच्या काकाचं काय जातं?

मग मी म्हटलं, आपणच मोजू. योगायोगाने दुपारी रोह्याची लाइट गेली. पंखा बंद, फोनला जाडं कव्हर, म्हणजे खरीखुरी परिस्थिती. लॅपटॉप बॅटरीवर, माझ्या फोनचा हॉटस्पॉट, आणि एडीबी वापरून दर सेकंदाला चित्रांच्या वेळा टिपून घेणारी वीस ओळींची स्क्रिप्ट. (अँड्रॉइडमध्ये सरफेसफ्लिंगर नावाचा भाग हा हिशोब ठेवतो, तो विचारला की सांगतो.) आतेभाऊ चाळीस मिनिटं खेळला. पहिली दहा मिनिटं सरासरी ५९. पुढची तीस मिनिटं ४४. आणि शंभर मिलिसेकंदांच्या वरचे खड्डे जवळपास सगळे मारामारीच्या वेळचे.

दुसऱ्या दिवशी त्याला रेल्वेने पेणला आमच्या घरी घेऊन आलो. एसी लावला, कव्हर काढलं आणि पुन्हा चाळीस मिनिटं. आकडा ५५ च्या खाली क्वचितच गेला. फोन तोच, गेम तोच, सेटिंगही तीच. फरक उष्णतेचा. चिप तापली की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते, यात तिचा दोष नाही. दोष आहे तो एसी खोलीत दहा मिनिटं खेळून '५९ एफपीएस' छापणाऱ्यांचा. रोह्यातल्या चाळीस मिनिटांची सरासरी निघते ४८ च्या आसपास. कुठला आकडा विकायला बरा, ते तुम्हीच सांगा.

आणि ४४ म्हणजे काही फार वाईट नाही असं वाटत असेल, तर तेही ऐका. ६० हर्ट्झने चालणाऱ्या पडद्यावर ४० एफपीएस आले तर चित्र दर २५ मिलिसेकंदांनी बदलत नाही. एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, पुढचं ३३.३. एक पाऊल लहान, एक मोठं, लंगडत चालल्यासारखं. डोळ्याला ते कळतं, आकड्याला कळत नाही.

राहिला नेटचा मुद्दा, कारण ऑनलाइन गेममध्ये दुकानदाराची हीच हुकमी पळवाट असते. तिला एक सोपा उतारा आहे. बोट फिरवून नुसतं गरागरा आजूबाजूला बघा. तुमची नजर वळवण्याचं काम फोन स्वतःच करतो, त्यासाठी सर्व्हरला विचारायला जात नाही. ते अडखळलं तर फोनचा दोष. ते सुरळीत आहे, पण बाकीचे खेळाडू उड्या मारल्यासारखे इकडून तिकडे जातायत किंवा तुम्ही पुढे जाऊन मागे खेचले जाताय, तर नेटचा किंवा सर्व्हरचा. आतेभावाच्या फोनवर नजरच अडखळत होती. सिमवाला बिचारा निर्दोष सुटला.

इथे कोणीतरी म्हणणारच, "एवढं काय त्यात, गेमच तर आहे!" काकांनी म्हटलंच. पहिली गोष्ट, गेम असो वा मिक्सर, पोराने वस्तूचे पैसे मोजलेत आणि ती सांगितल्यासारखी चालत नाही. दुसरी, २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. खेळ मानायचा तर मोजपट्टीही सरळ हवी. क्रिकेटच्या बॅटची रुंदी नियमात बसते की नाही हे मोजतातच ना?

तिसरी गोष्ट, आकड्यांत लबाडी होते हे आता गुपित नाही. २०१८ साली थ्रीडीमार्क बनवणाऱ्या यूएलने हुआवेचे काही फोन आपल्या यादीतून काढले, कारण चाचणीचं ॲप ओळखून ते जास्त जोर लावत होते. २०२१ मध्ये गीकबेंचने वनप्लस ९ मालिका काढली. २०२२ मध्ये सॅमसंगच्या एस२२ मालिकेवर तीच वेळ आली, तिथे गेमचा वेग आवळला जात होता आणि चाचणीचं ॲप मोकळं सुटत होतं. परीक्षक आल्यावर शाळा रंगवून ठेवतात, तसलाच प्रकार.

पण माझा खरा राग आपल्यावर आहे मंडळी, आपल्या आयटीवाल्यांवर. सोमवारी ऑफिसात क्लायंटला "सरासरी रिस्पॉन्स टाइम उत्तम आहे" असं सांगून बघा. तो विचारेल पी-९९ किती? आपल्याला शंभरातला सर्वात हळू माणूस शोधायची सवय आहे, त्याचेच पगार घेतो आपण. गूगलसुद्धा प्ले स्टोअरवरच्या गेमला हाच नियम लावतं. आधीच्या चित्रानंतर ५० मिलिसेकंदांत पुढचं आलं नाही तर ते हळू, आणि एका बैठकीत अशी २५ टक्क्यांहून जास्त असली तर ती बैठकच हळू. म्हणजे बनवणाऱ्यांना आतून सगळं ठाऊक आहे. गिऱ्हाइकासमोर मात्र एकच गोल, गुळगुळीत आकडा. आणि आपण शनिवारी फोन घेताना तोच आकडा बघून कार्ड काढतो, वर भावंडांनाही सल्ला देतो.

माझं मागणं मोठं नाही. पंख्याला, फ्रिजला स्टार असतात, किती वीज खातो हे लेबलवर छापावं लागतं. मग जो फोन गेमच्या नावावर विकला जातो त्याच्यावरही चार गोष्टी छापा. तीस मिनिटांनंतरचा एफपीएस. एक टक्का लो, आणि तो कसा काढला ते. चाचणीच्या वेळी खोलीचं तापमान. आणि पडद्याचा हर्ट्झ व गेमचा एफपीएस वेगवेगळ्या ओळीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात म्हणजे काय, हे लिहिलेलं आहे. '१२० हर्ट्झ' दाखवून ४४ एफपीएस विकणं त्यात बसतं की नाही, हे कोणीतरी विचारायला हवं. तोपर्यंत फोन घेताना दुकानात उभं राहून अर्धा तास खेळून बघा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या, हप्ते आपण भरतो.

पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती पूर्ण झाली की शेवटी डोळ्यांची आखणी करतात. सगळी मूर्ती सुरेख आहे आणि एक डोळा चुकला, तर कारागीर "सरासरी चांगली आहे" म्हणून ती पुढे करत नाही. करून बघावी, गिऱ्हाईक घेईल का ते.

आतेभावाचं काय झालं? फोन परत होणार नाही म्हणाले. मी त्याला कव्हर काढून खेळायला आणि फ्रेमची मर्यादा ४० वर आणायला सांगितलंय, तेवढ्याने फोन कमी तापतोय. माझ्या स्क्रिप्टचा आलेख छापून घेऊन तो पुन्हा त्या दुकानात जाणार आहे. नऊ हप्ते बाकी आहेत, भांडायला वेळ भरपूर आहे.