पंखा टांगताना

लसीकरणासाठी बाळाला घेऊन आलेल्या मातापित्यांना आपण आहार, स्वच्छता, औषधे यांविषयी सांगतो. घरातील पंखा किती उंचीवर आहे, हे मात्र सहसा विचारीत नाही. माझ्या मते ते विचारावयास हवे. मिनिटास ३०० हून अधिक फेरे घेणारे पत्र्याचे पाते, कौतुकाने वर उचललेल्या अथवा दुमजली पलंगावर उभ्या राहिलेल्या मुलाच्या कवटीचा अस्थिभंग करू शकते. जमिनीपासून पात्यांपर्यंत निदान ८ फूट अंतर हवे. इंदूर-ग्वाल्हेरकडील जुन्या वाड्यांतील एखाद्या बुटक्या खोलीत ते मिळत नसेल, तर तेथे जाळी असलेला भिंतीवरचा पंखाच बरा. शोभेचा हट्ट नको.

टांगण्याचे काम जाणत्या वायरमनकडेच द्यावे. बटण बंद केले म्हणजे वीज गेली, असे मानू नये. जुन्या वायरिंगमध्ये कित्येकदा बटण न्यूट्रलवर जोडलेले असते आणि पंख्याची तार जिवंतच राहते. म्हणून मेन स्विच बंद करूनच हात लावावा. कडी वाळवी लागलेल्या तुळईत ठोकू नये. बोल्टातील स्प्लिट पिन अगदी क्षुल्लक वस्तू, पण ती नसली तर कंपनाने नट सैल होत जातो आणि एके दिवशी पंखाच खाली येतो. वायरमन शिडीवरून उतरण्यापूर्वीच, पिन घालून तिची टोके दुमडली काय, हे गृहस्थाने विचारून घ्यावे. नंतर ती कपाखाली झाकली जाते.