विलंबाची किंमत

पोटात जळजळ झाली की गोळी घ्यावी, शौचावाटे रक्त गेले की मूळव्याध म्हणून मलम आणावे, घास अडकू लागला की तो पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलावा, ही आपल्या घराघरांतील रीत आहे. बहुतेक वेळा दुखणे खरोखरच किरकोळ असते. परंतु जठर, मोठे आतडे व अन्ननलिका यांचे कर्करोगही अनेकदा याच वेषात येतात. आणि अन्ननलिका बरीच अरुंद झाल्याखेरीज घास अडत नाही.

निसर्ग काही ठिकाणी मुदतही देतो. मोठ्या आतड्यातील साध्या गाठीचा कर्करोग होण्यास बहुधा १० वर्षे लागतात. दुर्बिणीच्या तपासणीत ती काढली, तर पुढचा अनर्थ टळतो.

मग रुग्ण वेळ का दवडतो? केवळ अज्ञानामुळे नव्हे. तपासणीसाठी शहर गाठावे तर रोजगार बुडतो. खर्च आजचा व निश्चित, लाभ उद्याचा व अनिश्चित. केंद्र सरकारने २०१६ मध्ये तिशीपुढील नागरिकांसाठी आखलेल्या कर्करोग-तपासणीत तोंड, स्तन व गर्भाशयमुख एवढ्यांचाच समावेश झाला. सरसकट सर्वांच्या आतड्यांची तपासणी आपल्याला परवडणारी नाही, हे मान्य. परंतु ज्याला लक्षणे आहेत, त्याला तरी जिल्हा रुग्णालयात ही तपासणी विनाविलंब मिळावयास नको काय? सरकारी तिजोरीत वाचलेला पैसा अखेर रुग्णाच्या घरातील दागिन्यांतून आणि जमिनीतून वसूल होतो. त्याला काटकसर म्हणता येणार नाही.